रत्नागिरी म्हणजे गणपतीपुळ्याच्या वाटेवरचा पेट्रोल पंप नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत ‘एका दिवसात रत्नागिरी’ असा मजकूर आला आहे. पहाटे पाचला सांगली सोडा, दुपारी गणपतीपुळ्यात दर्शन आणि जेवण, मग आरे-वारेला फोटो, येता येता जमलं तर थिबा पॅलेस, मध्यरात्री घरी. लिहिणाऱ्याला माझा एकच प्रश्न आहे. जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर, त्यात दोनदा आंबा घाट. दहा तास गाडीतच गेले तर बघितलं काय? रत्नागिरी शहराच्या वाट्याला त्या पानावर दीड ओळ आली आहे आणि त्यातली अर्धी ‘येथे पेट्रोल भरून घ्यावे’ यात गेली आहे.

मी रत्नागिरीतल्या मांडवीची. १९८० साली लग्न होऊन सांगलीला आले. विश्रामबागेत बावीस वर्षं खानावळ चालवली. वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजची पोरं जेवायला असायची. सुट्टी लागली की त्यांचं ठरलेलं, “काकू, तुमच्या रत्नागिरीला निघालोय, काय बघू?” मी पोळ्या लाटता लाटता सांगायची, ती मान डोलवायची आणि गणपतीपुळ्याला जाऊन परत यायची. आता खानावळ बंद झाली, गुडघे बोलायला लागले, पण विचारणारे थांबलेले नाहीत. अपार्टमेंटमधले, भिशीतले, दवाखान्यात नंबर लावून शेजारी बसलेले. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. पत्र लांबलं तर खुशाल कात्री लावा, पण भरती-ओहोटीचं आणि आंब्याचं तेवढं ठेवा.

दोन रात्री काढून जा. मुक्काम शहरात करा, गणपतीपुळ्यात नको. गणपतीपुळ्याला माझा विरोध नाही, देव आपल्या जागी चांगलाच आहे आणि डोंगराची प्रदक्षिणा मीही करते. पण ते शहरापासून पंचवीस किलोमीटरवर. तिथे उतरलात की शहर राहिलंच. आणि गणपतीचं म्हणाल तर आपल्या सांगलीत काय कमी आहे?

रस्ता सोपा आहे. मिरजेजवळून जाणारा तो रत्नागिरी-नागपूर महामार्ग समुद्राच्या बाजूला जिथे सुरू होतो ते मिऱ्या बंदर. म्हणजे सासरचा रस्ता सरळ माहेरच्या समुद्राला जाऊन टेकतो. (रेल्वेचं विचारू नका. कोल्हापूर-वैभववाडी, कोल्हापूर-वैभववाडी असं ऐकत आम्ही म्हातारे झालो.) कोल्हापूर, मलकापूर, आंबा, घाट उतरलात की साखरपा. साखरप्याला गाडी थांबवून पाच मिनिटं नुसते उभे राहा. घाटात कानाला बसलेले दडे तिथे सुटतात आणि अंगाला पहिला चिकट घाम येतो. माती तांबडी झालेली असते, भिंती चिऱ्याच्या दिसायला लागतात. मग नाणीज, पाली, हातखंबा. जुलैत मात्र रात्रीचा घाट टाळा, धुक्यात पुढची गाडी दिसत नाही आणि दरड कधी येईल याचा नेम नसतो.

आम्ही लाल गाडीनं जायचो. जाताना सासूबाई भडंग आणि हळद बांधून द्यायच्या, येताना आई नारळ, कोकमं आणि सुकट. सुकट तीन पिशव्यांत घालून, वर टॉवेल गुंडाळून, सीटखाली सरकवलेली असायची. तरी एकदा मलकापूर यायच्या आत एका बाईनं कंडक्टरकडे जागा बदलून मागितली. कंडक्टर कोकणातलाच होता. तो म्हणाला, “बाई, जागा बदलून देतो, वास बदलून देता येणार नाही.”

आता पाण्याचं. रत्नागिरीला जायचा दिवस ठरवताना लोक हॉटेलचे दर बघतात, हवामान बघतात. आमच्याकडे तिथी बघतात. आमचे अण्णा बंदरावर कारकून होते. घरातलं पंचांग मुहूर्तासाठी कमी आणि पाण्यासाठी जास्त उघडलं जायचं. हिशेब असा. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी तीनला भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, त्याचे सव्वाअकरा. पक्ष बदलला की पुन्हा प्रतिपदेपासून एक. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे धरायचा. हल्ली हे सगळं मोबाइलवर मिळतं म्हणे. माझा नातू दर वेळी अण्णांचा हिशेब मोबाइलशी ताडून बघतो आणि मग गप्प बसतो.

याचा उपयोग काय? समुद्राकाठी संध्याकाळी फिरायचं असेल तर पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आगेमागे जा. साडेपाच-सहाला पाणी पार आत गेलेलं असतं. भाट्याच्या किनाऱ्यावर ओली, टणक वाळू इतकी लांबवर उघडी पडते की नातवंडं सायकल चालवतात. अष्टमीला गेलात तर त्याच वेळी पाणी वर आलेलं असतं आणि तुम्ही सुरूच्या झाडांखाली चप्पल हातात घेऊन उभे. मात्र त्या दिवसांत समुद्राला भांग असते, पाणी फार वर येत नाही आणि फार खालीही जात नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. तेव्हा पाणी जितकं आत जातं तितक्याच जोरानं परत येतं, हे लक्षात ठेवा.

आणि इथे मला सांगलीकरांशी थोडं कडक बोलायचं आहे. आपल्याकडची माणसं कृष्णेत पोहायला शिकलेली असतात. घाटावरून उड्या मारलेल्या असतात, पुराच्या पाण्यात हात मारलेले असतात. त्यांना वाटतं, समुद्र म्हणजे मोठी नदी. नदी एका दिशेला नेते. वाहत गेलात तरी पुढच्या वळणावर काठ लागतो. समुद्र पायाखालची वाळू काढून घेतो आणि मागे ओढतो, आणि मागे काठ नसतो. गणपतीपुळे आणि आरे-वारेला वर्षाआड नव्हे, दरवर्षी माणसं बुडतात, आणि त्यांत घाटावरची, म्हणजे आपल्याकडचीच, पोहणारी पोरं असतात. माझ्या खानावळीतल्या मुलांना मी सांगायची, गुडघ्यापर्यंत पाणी तुमचं, त्याच्यावरचं समुद्राचं. स्थानिक माणूस ‘नको’ म्हणाला की नको. त्याच्याशी वाद घालायचा नाही.

मांडवीची वाळू काळी आहे. म्हणून तिथल्या समुद्राला आम्ही काळा समुद्र म्हणतो, आणि मिऱ्याकडच्या बाजूला तो पांढरा समुद्र. बाहेरचा माणूस मांडवीला आला की नाक मुरडतो, वाळू घाण आहे म्हणतो. घाण नाही हो. एकदा मी माहेरहून हॉर्लिक्सच्या बाटलीत ती भरून आणली होती, नुसती आठवण म्हणून. वालचंदच्या एका मुलानं वर्कशॉपमधलं लोहचुंबक आणलं आणि बाटलीच्या काचेवरून फिरवलं. आतले काळे कण उभे राहिले आणि चुंबकाच्या मागे मागे काचेवर चढायला लागले. आमटीत पळी तशीच ठेवून मी बघत उभी. त्यानं मला सांगितलं की या वाळूत इल्मेनाइट आहे, त्यात लोखंड आणि टायटॅनियम असतं. लहानपणी जिच्यात लोळलो, जी केसांतून काढताना आईचे धपाटे खाल्ले, ती अशी मोलाची निघाली. तेव्हा मांडवीला गेलात की वाळूला नावं ठेवू नका. खिशात छोटं चुंबक न्या, मुलं तासभर गप्प बसतील.

मांडवीला भेळही मिळते. खा. पण भडंगाच्या गावाहून जाऊन तिथल्या कुरमुऱ्यांवर मत देत बसू नका.

माशांसाठी जाणाऱ्यांनी आधी तारीख बघावी. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. तरी माणसं जूनमध्ये जातात, हॉटेलात सुरमई मागतात, बर्फातली खाऊन येतात आणि मला म्हणतात, “काकू, तुमच्याकडच्या माशाला काही चव नाही.” त्या दोन महिन्यांत खाडीतलं काय ते विचारा. मुळे, तिसऱ्या असे शिंपले असतात. नाहीतर सरळ कुळथाची पिठी आणि भात मागा, सोबत भाजलेला सुका बांगडा. पाऊस पडत असताना याच्यापुढे सुरमई काहीच नाही, हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

इतर दिवसांत सकाळी लवकर मिरकरवाड्याला जा. बोटी लागलेल्या असतात, बर्फ फुटत असतो, लिलावाचा गलका चाललेला असतो. पायात चांगली चप्पल घालू नका. आमच्या दारी राजिवड्याहून डोक्यावर पाटी घेऊन एक चाची यायची. पाटी उतरवायला आईला हाक मारायची, आणि उतरवता उतरवता भाव सुरू व्हायचा. तिनंच मला मासा बघायला शिकवलं. बांगडा डोक्याकडून आडवा धरायचा. ताठ राहिला तर घ्यायचा, शेपटी खाली लोंबली तर परत पाटीत. कल्ले उचलून लाल आहेत का ते बघायचं. पापलेटाला डोक्याजवळ दाबायचं, पांढरं पाणी आलं तर ताजं, तांबूस आलं तर पुढे चालू पडायचं. हॉटेलांची नावं मी सांगत नाही. स्वयंपाकी बदलला की हॉटेल बदलतं, हे खानावळ चालवलेल्या बाईला कुणी सांगायला नको. फक्त बांगड्यात तिरफळ, म्हणजे आमच्याकडचा माशात घालायचा मसाला, आहे का, एवढं विचारा. ‘ते काय असतं’ असं उत्तर आलं तर उठा.

शाकाहारी मंडळींनी वाईट वाटून घेऊ नये. फेब्रुवारी-मार्चला ओल्या काजूची उसळ मिळते. मटणवाल्यांना बाजूला सारून मी ती दोनदा वाढून घेते. श्रावणात पातोळे. हळदीच्या पानात तांदळाचं पीठ, आत गूळखोबरं, वाफवलं की पानाचा वास पिठात उतरतो. गंमत अशी की हळदीची एवढी मोठी पेठ सांगलीची, पण इथे कुणाला हळदीचं पान खाण्याच्या कामी येतं हे ठाऊक नाही. मी पहिल्या श्रावणात एका शेतकऱ्याकडे पानं मागितली तर तो म्हणाला, “पाल्याचं काय करताय? जनावर पाळलंय का?” दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी डबा पाठवला. तेव्हापासून दर नागपंचमीला त्याच्या शेतातून पानांचा भारा येतो आणि त्याची सून वाट बघत बसते डब्याची.

शहरातलं बाकीचं बघायला गाडी लागत नाही. सकाळी टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान बघा. साधं कौलारू घर. २३ जुलै १८५६ ला टिळक तिथे जन्मले. तिथून रिक्षानं थिबा राजवाड्याला जा, आणि या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी बघा, त्याशिवाय त्यांची गंमत कळत नाही. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली मंडालेच्या गादीवरून उचललं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. तो इथे असतानाच टिळकांना शिक्षा झाली आणि १९०८ पासून १९१४ पर्यंत त्यांना ठेवलं कुठे, तर मंडालेच्या तुरुंगात. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत. इंग्रजांनी जाणूनबुजून केलं असेल असं नाही, पण अण्णा हे सांगताना असा चेहरा करायचे की जणू अदलाबदलीची पावती त्यांनीच फाडली होती.

राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला. जांभ्या दगडाचा, तीन मजली, उतरत्या छपरांचा. अर्धगोल लाकडी खिडक्यांवरचं कोरीवकाम बघा. ते बघायला मान वर करून जरा वेळ उभं राहावं लागतं आणि एका दिवसात रत्नागिरी बघणाऱ्यांकडे तो वेळ नसतो. राजा १९१६ ला गेला, म्हणजे तीस वर्षांच्या कैदेत हा वाडा त्याला फक्त सहा वर्षं मिळाला. शिवाजीनगरला त्याची समाधी आहे. तिकडे कुणी फिरकत नाही, तुम्ही फिरका. संध्याकाळी थिबा पॉइंटवर जा. खाली भाट्याची खाडी, राजिवड्याच्या होड्या, पलीकडे भाट्याची सुरूची रांग. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी अण्णा मला तिथे घेऊन गेले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “थिबाला तीस वर्षांत इथली हवा मानवली नाही. तुला सांगलीची मानवते का बघ.” मानवली म्हणायची. ऑगस्ट २०१९ ला कृष्णा आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांच्या वर गेली तेव्हा शेजारीण म्हणाली, “काकू, तुम्हाला पाणी बघायची हौस ना, घ्या.” तेव्हा हसायला आलं नव्हतं, आता येतं.

रत्नदुर्गावर भगवतीचं देऊळ आहे, तटावरून फिरलात की तीन बाजूंना समुद्र दिसतो. चढ फार नाही, मी गुडघ्यांसकट गेले. बरोबर लहान मुलं असतील तर झाडगावचं मत्स्यालय चुकवू नका, तिथे देवमाशाचा सांगाडा आहे. पतितपावन मंदिर १९३१ चं. सावरकरांच्या प्रेरणेनं भागोजीशेठ कीरांनी ते बांधलं, सर्व जातींना खुलं. आमच्याकडे ज्येष्ठ माणसं अजून ‘शेठजींचं देऊळ’ असं सहज म्हणतात. पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी आहे, वीस किलोमीटर, दुपारची शांतता हवी असेल तर जा.

एक नवं सांगते, जे माझ्या लहानपणी ‘बघण्यासारखं’ या सदरात नव्हतंच. सड्यावरची कातळशिल्पं. जांभ्याच्या उघड्या कातळावर कोरलेले हत्ती, मासे, माणसं. गावातली माणसं म्हणायची पांडवांनी कोरलंय, गुरं त्यावरून चालत जायची. आता कोकणातल्या या शिल्पांची नोंद २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. रत्नागिरीहून उक्षीचा हत्ती बघून या. पण दुपारी बाराला जाऊ नका. डोक्यावर ऊन असताना रेषा दिसतच नाहीत, सपाट दगड बघून परत येता. सकाळी किंवा सूर्य कलल्यावर तिरक्या उन्हात जा. मी पहिल्यांदा दुपारी गेले आणि हत्तीच्या पोटावर उभी राहून ‘हत्ती कुठाय’ असं विचारलं होतं.

काही गोष्टी मी सांगायचं थांबवलं आहे. पांढरा समुद्र त्यातली एक. आम्ही शाळेतून तिथे सहलीला जायचो, रुंद वाळू होती. ती समुद्रानं खाल्ली. आता तिथे दगडांचा बंधारा आहे, पावसाळ्यात लाटा त्याच्यावरून उडतात. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज त्या बाजूला येऊन रुतलं, तेव्हा सगळं गाव बघायला लोटलं. भावानं मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. मी जहाजाच्या मागे वाळू दिसते का ते शोधत होते.

आमचं घरही राहिलं नाही. भाऊ मुलाकडे पुण्याला गेला, घर विकलं, तिथे चार मजली इमारत उभी राहिली. विहीर बुजवली. त्यामुळे गेल्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा रत्नागिरीत लॉजवर उतरले. काउंटरवरच्या मुलानं रजिस्टर पुढे केलं. नाव लिहिलं. गाव, सांगली. वय लिहिलं. पुढचा रकाना होता येण्याचं कारण. पेन तसंच धरून राहिले. मागे रांग होती. मुलगा म्हणाला, “आजी, पर्यटन लिहा, सगळे तेच लिहितात.” लिहिलं. खोलीतून समुद्र दिसत नव्हता, पण रात्री गाज ऐकू येत होती आणि पडल्या पडल्या मी तिथी मोजली. दशमी होती. साडेसातची भरती केव्हाच उतरायला लागली होती.

शेवटी आंबा, ज्याच्यासाठी तुम्ही इथवर वाचलंत. सांगलीच्या हळदीला आणि कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन एकाच वर्षी मिळालं, २०१८ ला. त्या वर्षी मला सासर-माहेर दोन्हीकडचे पेढे वाटावेसे वाटले. पण मानांकन मिळालं म्हणून मार्केट यार्डाबाहेर ‘रत्नागिरी हापूस’ अशी पाटी लावलेला प्रत्येक आंबा रत्नागिरीचा होत नाही. कर्नाटकचा आंबाही त्याच पाटीखाली बसतो. तो वाईट नाही, पण त्याच्या नावानं विका ना.

जमलं तर एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला जा आणि बागेतून घ्या. बागायतदाराला आढी दाखवायला सांगा. अंधाऱ्या खोलीत पेंढ्याचा थर, त्यावर आंबे एकमेकांना न दाबता, देठ राखून, पुन्हा पेंढा. आठ-दहा दिवस लागतात. खोलीचं दार उघडल्यावर जो वास येतो तो पेटी उघडल्यावर येतो त्याच्या दसपट. तयार आंब्याचे खांदे देठाच्या वर आलेले असतात आणि देठाशी खळगा पडलेला असतो. खांदे नसलेला आंबा कोवळा काढलेला, तो पिवळा होईल पण गोड होणार नाही. सगळे एकसारखे पिवळेधमक दिसले तर जरा संशय घ्या. घरच्या आढीत एक हिरवट, एक केशरी, एक अर्धा असे निघतात. आई रोज सकाळी आढीत हात घालून वास घेऊन आंबे काढायची, बघायची नाहीच.

आणि एक. कापल्यावर आत पांढरट, भरड, बेचव गर निघाला तर त्याला साका म्हणतात. बाहेरून तो कुणालाही ओळखता येत नाही. डोळे तयार असलेल्या बागायतदारालाही नाही. डझनात एखादा तसा निघाला म्हणून लगेच फोन करून त्याला फसवणूक करणारा म्हणू नका. माझ्याकडे जेवायला असलेल्या एका मुलानं, आता तो मोठा इंजिनिअर आहे, असा फोन माझ्या मावसभावाला केला होता. मावसभाऊ म्हणाला, “साहेब, आतला साका मला बाहेरून कळला असता तर मी डॉक्टर झालो नसतो काय?”

कळावे, लोभ असावा.

आपली,
विश्रामबागेतली खानावळवाली काकू,
सांगली

ता. क. पुरवणीत तुम्ही मिऱ्या बंदराचं ‘मिरी बंदर’ छापलं आहे. मिरी मसाल्यात घालतात.